अळसांदे, कुळीथ आणि जनुकांचा नकाशा: गोव्याच्या कडधान्यांना याचा उपयोग कसा होईल?

मळणी

२०१९ साली चवळीचा जनुकसंच (तिच्या डीएनएचा वाचून काढलेला सगळा क्रम) प्रसिद्ध झाला, २०२१ साली कुळथाचा. वालाचा कच्चा आराखडा २०१९मध्येच आला होता, तो २०२३मध्ये गुणसूत्रांपर्यंत नीट जुळवून झाला. आपल्या घरात आठवड्याला शिजणारी ही तिन्ही कडधान्यं. पण केपे, सांगे, काणकोणच्या शेतांत यातलं फारसं काही उतरलेलं दिसत नाही. ते कसं उतरवायचं यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा. मी पीकपैदास शिकले आहे आणि आमची शेती केपे तालुक्यात आहे.

इतर भागांतल्या वाचकांसाठी: अळसांदे म्हणजे चवळीच, पण दुकानातल्या बारीक चवळीपेक्षा दाणा टपोरा. सरद (पावसाळी) भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरतात. चवळी मुळातली आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि इथे तिचे गावोगावचे वाण झाले. कुळीथ मात्र भारतातच माणसाळलेलं पीक.

सोयाबीनचा जनुकसंच २०१० साली आला, तुरीचा २०११, हरभऱ्याचा २०१३. या पिकांमागे पैसा होता, बाजार होता. आपली छोटी पिकं मागे राहिली, पण त्यांना एक सोय आहे: नातेवाईक पुढे गेलेले आहेत. चवळी, मूग, उडीद, राजमा या सगळ्यांत गुणसूत्रांच्या ११ जोड्या (कुळथात १०). चवळी आणि राजमा यांच्या जनुकांची मांडणी तर इतकी जुळते की २०१९च्या कामात चवळीच्या गुणसूत्रांना राजम्याशी मेळ बसेल असे नवे क्रमांक दिले गेले. राजम्यात एखादं जनुक सापडलं की चवळीत ते कुठे शोधायचं याचा अंदाज घरबसल्या येतो.

तरीही माझं म्हणणं असं की नकाशा, म्हणजे कुठला गुण गुणसूत्रावर कुठे बसतो ते, आपल्या शेतातल्या बियाण्यावर आणि आपल्याला हव्या असलेल्या गुणांसाठीच काढायला हवा. २०१९चा जनुकसंच ज्या वाणाचा आहे तो आयटी९७के-४९९-३५, नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तयार केलेला. आधार म्हणून तो उत्तम आहे. पण आपल्या दाण्याचा टपोरेपणा त्यात नाही, आणि जो गुण वाणात नाही तो त्याच्या नकाशात सापडणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न शेतकऱ्यांना: तुमच्या अळसांद्यांत, कुळथात काय बदलायला हवं आणि काय अजिबात बदलू नये?

तळपणकाठ

मळणीबाय, बरं केलंस विचारलंस. मी काणकोणचा. अळसांद्यांत आमचं अडतं ते तोडणीत. शेंगा एकदम पिकत नाहीत. वर वेल फुलत असतो आणि खाली शेंग वाळून तयार. परत परत शेतात उतरायचं. तेही सकाळी दंव असताना, कारण ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणे मातीत. तोडायला माणूस मिळत नाही, मिळालं तर दाण्याच्या भावात मजुरी बसत नाही. आमच्या वाड्यावर दोघांनी याच कारणाने पेरायचं सोडलं.

दुसरं, मावा. हवा ढगाळली की शेंड्यावर काळा थर. तिसरं, घरात आणल्यावर भुंगा. राख लावतो, ऊन देतो, तरी पावसाळ्यापर्यंत छिद्रं पडतातच.

बदलू नये ते दाणा आणि चव. दाणा बारीक झाला तर गिऱ्हाईक हात लावणार नाही.

मळणी

तळपणकाठकाका, हेच हवं होतं. तोडणीचंच धरते, कारण तिथे आशा सर्वात जास्त आहे.

वेल वाढतच राहणार की शेंड्यालाच फूल येऊन वाढ थांबणार, हे सोयाबीनमध्ये 'डीटी१' नावाचं जनुक ठरवतं. राजम्यात 'फिन' या जागेवर त्याच घराण्यातलं जनुक सापडलं. वाढ थांबली की शेंगा बऱ्याच अंशी एकाच वेळी पिकतात, तोडणीच्या खेपा कमी होतात. तेव्हा चवळीत या घराण्याची जनुकं कुठे आहेत, तिथे आपल्या अळसांद्यांत आणि एखाद्या बुटक्या वाणात काय फरक आहे, हे आधी पाहायचं.

पण हा झाला अंदाज. खात्री करायला संकर हवा. एक पालक आपला अळसांदो, दुसरा बुटका, लवकर येणारा वाण; दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' चवळी तशी आहे. चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, आणि तोवर स्वतःचेच पराग त्यावर पडून गेलेले असतात. म्हणून उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच धरायची. पाकळ्या हलके बाजूला करायच्या, आतल्या होडीसारख्या पाकळीला सुईच्या टोकाने चीर द्यायची आणि चिमट्याने दहाही पुंकेसर काढायचे. एक राहिला तरी मेहनत वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलाचे पराग लावायचे, देठाला रंगीत दोरा बांधायचा. यातल्या बऱ्याच कळ्या गळून पडतात. जी शेंग धरते तिच्या दाण्यांतून पुढचं सगळं उभं राहतं.

त्या दाण्यांच्या रोपांना येणारे सगळे दाणे पेरायचे, आणि तिथून दर पिढीत प्रत्येक रोपाचा एकेक दाणा पुढे नेत सातव्या-आठव्या पिढीपर्यंत गेलं की समजा दोनशे ओळी तयार होतात. प्रत्येक ओळीत दोन्ही पालकांच्या गुणसूत्रांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने मिसळलेले, पण आता ओळ स्थिर झालेली. तिचं बी कितीही वेळा पेरलं तरी तीच येते. मग दोन कामं. प्रयोगशाळेत प्रत्येक ओळीचा डीएनए तपासून कुठला तुकडा कोणाकडून आला ते पाहायचं. शेतात प्रत्येक ओळीचा दाणा, वेल, पिकण्याचे दिवस, मावा, सगळं मोजायचं. डीएनएवरच्या ज्या खुणा (मार्कर) नेहमी बरोबर येतात त्या गुणसूत्रावर जवळ, ज्या वारंवार तुटतात त्या दूर. शंभर बीजपेशींत एकदा ताटातूट झाली तर ते अंतर एक सेंटिमॉर्गन. नकाशा म्हणजे ही अंतरं. आणि टपोऱ्या दाण्याच्या सगळ्या ओळींत एखाद्या ठिकाणी अळसांद्याचाच तुकडा असेल, तर टपोरेपणाचं एक जनुक तिथेच आसपास आहे.

एक धोका आताच सांगते. वाढ थांबली की एकूण शेंगाही कमी होऊ शकतात. आणि दाण्याचा आकार एका जनुकाचा गुण नाही. अनेक जागा थोडा थोडा वाटा उचलतात. वेल आवरायचा आणि दाणा सोडायचा नाही, हे नकाशाशिवाय जमवायला फार वर्षं जातात. नकाशाचा खरा फायदा इथे आहे.

मास्तर_फोंडा

आयुष्यभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, म्हणून दोन शब्द. या सगळ्याचा उगम वाटाण्यात आहे, तेही शेंगवर्गीय पीक. मेंडेलने १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, त्यात सात गुण होते. सुरकुतलेल्या दाण्याचं जनुक १९९० साली हाती आलं, बुटकेपणाचं १९९७ साली आणि शेवटच्या तीन गुणांचा छडा २०२५ साली लागला. मेंडेलपाशी कागद, दाणे आणि चिकाटी होती. गुणसूत्रावरचा पहिला नकाशा स्टर्टव्हंटने १९१३ साली फळमाशीवर काढला, तोही विद्यार्थी असताना.

हे सांगायचं कारण असं की मोजणीचं काम आपली मुलं करू शकतात. बारावीच्या वर्गाला अळसांद्याच्या डोळ्याचा नमुना दाखवा: काही दाण्यांवर डोळ्याभोवती नुसतं कडं, काहींवर मोठा डाग, काही सबंध रंगीत. चवळीत हा नमुना सी, डब्ल्यू आणि एच या तीन जागा ठरवतात हे २०१९ साली दाखवलं गेलं. दाणे वेगळे करायला पैसे लागत नाहीत. मुलांना अनुवंश शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला कधी मिळालं नाही.

पेडणेवासी

सगळं वाचलं आणि मळणीताईंची तळमळ पोचते. पण मला मुळावरच शंका आहे. अळसांदे कमी होताहेत ते जनुकांमुळे नाही. शेतं पडीक राहताहेत, मोकाट गुरं आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, बाहेरची स्वस्त चवळी बाजारात येते, मुलं शेतात उतरत नाहीत. यावर कुठला मार्कर लावणार?

आणि भीती अशी की सुधारित म्हणून एक वाण आला की तो सगळीकडे जाईल. आज गावागणिक वेगळा दाणा आहे तो दहा वर्षांत संपेल. भातात हेच झालं. यात जीएम (बाहेरचं जनुक घातलेलं बियाणं) येणार का तेही स्पष्ट सांगा. घरात आई ते बियाणं पेरू देणार नाही.

वेलदोडा

मी मूळचा सांग्याचा, सध्या हैदराबादला एका प्रयोगशाळेत डाळींवर काम करतो. पेडणेवासींच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

नकाशा आणि जीएम या वेगळ्या गोष्टी आहेत. इथे संकर नेहमीसारखाच फुलावर होतो, बाहेरचं जनुक आत येत नाही. डीएनए तपासायचा तो फक्त कुठलं रोप ठेवायचं हे लवकर कळावं म्हणून. रोपाला दोन पानं आली की तुकडा तपासता येतो, दाणा भरेपर्यंत थांबावं लागत नाही.

याची मर्यादाही सांगतो. शेंगा पोखरणारी अळी, मरुका, हिला पुरेसा प्रतिकार चवळीत आणि तिच्याशी संकर होऊ शकणाऱ्या नातेवाइकांत मिळाला नाही. म्हणून नायजेरियाने २०१९ साली बीटी चवळीला (जिवाणूचं कीडरोधक जनुक घातलेल्या) परवानगी दिली. तो रस्ता आपण घ्यावा असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की जे पिकात नाही ते नकाशा आणू शकत नाही. माव्याचं तसं नाही. चवळीत माव्याला प्रतिकार देणाऱ्या जागा सापडलेल्या आहेत, तिथे काम करता येईल.

हे कुठे यशस्वी झालंय का, तर हरभऱ्यात झालंय. आयसीसी ४९५८ या वाणात दुष्काळात तग धरायचे बरेच गुण चौथ्या गुणसूत्रगटावर एका छोट्या पट्ट्यात एकत्र सापडले. तो पट्टा 'पुसा ३७२' या चालत्या वाणात परत परत संकर करून आणला आणि 'पुसा चिकपी १०२१६' हा वाण तयार झाला. प्रत्येक संकरात मूळ वाणाचा वाटा वाढत जातो: ५०, ७५, ८७.५ टक्के. मार्कर असले की हवा तो पट्टा राहिला की नाही आणि बाकीचं नको ते गळलं की नाही, दोन्ही एकाच वेळी पाहता येतं. पेडणेवासींच्या भीतीचं निम्मं उत्तर यातच आहे. याच पद्धतीने काणकोणचा अळसांदो काणकोणचाच ठेवून त्याचा वेल आवरता येतो, पेडण्याचा पेडण्याचा ठेवून. एकच वाण सगळीकडे न्यायची गरज नाही.

कुळथाचं: पालमपूरच्या कृषी विद्यापीठाने कुळथात संकर करून नकाशा काढला आहे, दुष्काळ सोसण्याच्या गुणांसाठी. कोकणपट्टीच्या कुळथावर तसं काम व्हायला हवं.

मळणीताईंशी माझा एक मतभेद आहे. दोन पालकांच्या संकराने सुरुवात करू नका. त्यात त्या दोघांतलाच फरक दिसतो आणि आठ पिढ्या थांबावं लागतं. त्यापेक्षा गावोगावचे दोनशे-तीनशे नमुने गोळा करा, सगळे एकत्र पेरा, मोजा आणि त्यांचाच डीएनए तपासा. शेकडो वर्षांच्या पेरण्यांत जी अदलाबदल झाली आहे तीच वापरायची. शिवाय बियाणं गोळा होतं, जपलं जातं.

मळणी

वेलदोडा, गोळा करण्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण नुसत्या त्यावर नकाशा उभा राहील का याची मला काळजी वाटते. गोवा लहान, बियाणं माहेरून सासरी, फेस्ताच्या जत्रेतून, नातलगांकडून फिरत आलेलं. आपले बरेचसे नमुने एकाच घराण्यातले निघाले तर टपोरेपणा कुठल्या तुकड्यामुळे आणि नुसत्या सोयरिकीमुळे कुठला तुकडा दिसतोय, हे वेगळं करता येणार नाही. संकरात ती अडचण नसते. चवळीची पिढी तीन महिन्यांत होते, पाणी असेल तर वर्षात दोन-तीन पिढ्या निघतात. दोन्ही एकदम सुरू करावं असं माझं मत.

पेडणेवासी, रानडुकरांवर मार्कर नाही हे खरंच. पण तळपणकाठकाकांनी सांगितलंय की दोघांनी पेरणं सोडलं ते तोडणीमुळे. तेवढं तरी आपल्या हातात आहे. आणि वाण संपण्याची भीती मला तुमच्याइतकीच आहे. म्हणूनच आधी बियाणं साठवायचं, मग संकर. उलटं करायला मी तयार नाही.

अन्नपूर्णा_म्हापसा

मी शेतकरी नाही की शास्त्रज्ञ नाही, पण तोणाक (वाटपातली उसळ) रोज करणारी आहे म्हणून लिहिते. अळसांदो रात्रभर भिजला की फुगतो पण साल सुटत नाही. शिजल्यावर आत लोण्यासारखा आणि वरून सबंध. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात उकळला तरी फुटून पिठूळ होत नाही. बाहेरची चवळी एक तर कडक राहते, नाहीतर फुटून रस्सा चिकट होतो. ही गोष्ट तुमच्या नकाशात कुठे बसते? वजन आणि आकार मोजाल, पण हे कोण मोजणार? चांगला दिसणारा दाणा पातेल्यात नापास झाला तर आम्ही तो परत आणणार नाही.

मळणी

अन्नपूर्णाताई, हा प्रश्न धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. डीएनए तपासणं दिवसेंदिवस स्वस्त होत गेलंय. अडतं ते मोजण्यात, आणि जे मोजलं नाही ते नकाशात येत नाही. पैदासकारांनी वर्षानुवर्षं उत्पन्न मोजलं म्हणून उत्पन्न वाढलं, आणि चव मोजली नाही म्हणून लोक म्हणतात पूर्वीची चव राहिली नाही.

शिजण्याची वेळ मोजायला मॅटसन कुकर नावाचं साधं उपकरण आहे. एका जाळीत २५ भिजवलेले दाणे बसवतात, प्रत्येकावर एकेक वजनदार दांडी टोकावर उभी असते. सगळं उकळत्या पाण्यात ठेवायचं. दाणा मऊ झाला की त्याची दांडी आत घुसते आणि खाली जाते. विसावी दांडी पडली, म्हणजे ८० टक्के दाणे शिजले, ती वेळ लिहायची. पण तुम्ही म्हणता तो गुण याने पुरता पकडला जात नाही. शिजल्यावर किती दाण्यांची साल सबंध राहिली आणि उरलेल्या पाण्यात किती पीठ उतरलं, हेही मोजावं लागेल. आणि शेवटी वाटपात घालून खाऊन बघणारी माणसं लागतील, वाण कुठला हे न सांगता. यासाठी तुम्ही आणि तुमच्या ओळखीच्या पाच-सहा जणी तयार असाल तर मोजणीच्या यादीत हे पहिलं लिहू.

अन्नपूर्णा_म्हापसा

तयार आहोत. पाणी मात्र सगळ्यांना एकच घ्या. एका घरच्या विहिरीच्या पाण्यात शिजतात तसे दुसरीकडच्या नळाच्या पाण्यात शिजत नाहीत.

मळणी

बरोबर, पाण्यातल्या क्षारांनी फरक पडतो. सगळ्या चाचण्या एकाच पाण्यात करू.

तळपणकाठ

एक विचारू का? बियाणं आम्ही द्यायचं, मोजणार तुम्ही, वाण तयार होणार. उद्या तो कोणाच्या नावावर? माझ्या आईने राखलेलं बी मला विकत घ्यावं लागलं तर?

मास्तर_फोंडा

हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय एक दाणाही देऊ नका. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१चा आहे. त्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचा हक्क स्पष्ट दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही, एवढीच अट. शेतकऱ्यांचे पारंपरिक वाण त्यांच्या नावावर नोंदवताही येतात. शिवाय २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. माझं मत: गावाचा अळसांदो आधी नोंदवहीत चढवा, मग बी बाहेर द्या. खोल्याच्या आणि हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं कारण माणसांनी कागद गोळा केले.

पेडणेवासी

हे असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. आमच्या पंचायतीच्या समितीत ओळख आहे, पेडण्याकडची नोंद मी बघतो. तयार होणाऱ्या वाणाचं बी मूळ गावांना फुकट परत द्यायचं, हेही आताच लेखी करा.

वेलदोडा

ते लेखी असायलाच हवं. तसं झालं की डीएनए तपासणीची तांत्रिक बाजू मी पाहीन. मळणीताईंचं दोन्ही एकदम करायचं पटलं. नमुने किती एकमेकांच्या जवळचे आहेत ते थोड्याशा मार्करांवरच कळेल, त्यावरून संकराचे पालक निवडू.

मळणी

ठरलं तर. बी देणाऱ्यांसाठी चार गोष्टी. दाणे निवडू नका, चांगले-वाईट वेगळे करू नका. तुमच्या डब्यात जसं मिसळलेलं आहे तसंच द्या, कारण ती सरमिसळच आम्हाला हवी आहे. राख लावलेलं असलं तरी चालेल, कापडी किंवा कागदी पिशवीत भरा. पिशवीवर गाव, शेत खेर (मधल्या उंचीवरचं) की मरड (उंचावरचं), पेरणीचा महिना आणि बी कोणाकडून आलं एवढं लिहा. आणि सगळं बी देऊन टाकू नका, निम्मं तरी घरात ठेवा.

तळपणकाठ

माझ्याकडे पांढऱ्यावर तांबूस डोळ्याचे आणि सबंध तांबडे असे दोन आहेत, पण आम्ही ते वेगवेगळे पेरतो. ते मिसळायचे का? आणि कुळीथ नको काय? मरडावरचे आहेत, भावाकडे.

मळणी

नाही काका, तुम्ही वेगळे पेरता तर वेगळ्याच पिशव्या करा, दोन्हींवर तुमची नेहमीची नावं लिहा. कुळीथ हवेतच. भावाला सांगा, कढणाला काढायच्या आधी माझ्यासाठी दोन मुठी बाजूला ठेवा.